आइस हॉकीसाठी बोर्डिंग शाळा: सेंट पॉल्स, शॅटक की नोत्र दाम?

मूल तेरा-चौदा वर्षांचं, न्यू जर्सी, मिनियापोलिस किंवा टोरांटोत वाढलेलं, क्लबच्या वरच्या संघात खेळणारं. आणि घरात आता बोर्डिंगचा विषय निघालाय. माहितीपत्रकं येतात, सगळ्यांवर झगझगीत बर्फाचा तोच फोटो असतो. शाळा मात्र मुलाला वेगवेगळ्या वाटांना लावतात. म्हणून प्रत्येक वाटेची एकेक जुनी शाळा इथे शेजारी ठेवली आहे: न्यू हॅम्पशरमधल्या काँकर्डची सेंट पॉल्स, मिनेसोटातल्या फेरिबोची शॅटक-सेंट मेरीज आणि सस्कॅचवनमधल्या विलकॉक्सचं नोत्र दाम.

सेंट पॉल्सची हॉकी शाळेच्या आवारातल्या तळ्यावर सुरू झाली. १७ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिकेतला पहिला सामना इथे झाला, असं शाळेची परंपरा सांगते. या मानाला इतर दावेदारही आहेत, पण १८८५ मध्ये इथल्या माल्कम गॉर्डन यांनी खेळाचे नियम कागदावर उतरवले याला बहुतेक जण मान देतात. अमेरिकी कॉलेज हॉकीतला सर्वोच्च पुरस्कार ज्याच्या नावाने दिला जातो तो होबी बेकर इथलाच, पुढे प्रिन्स्टनचा. हा सगळा इतिहास बाजूला ठेवला तरी एक गोष्ट कामाची उरते: इथे हॉकी हिवाळ्यातला खेळ आहे, वर्षभराचा धंदा नाही. नोव्हेंबर अखेर ते मार्चची सुरुवात, साधारण २५ ते ३० सामने, तेही बहुतेक बुधवार-शनिवारी दुपारी. बाकीचे महिने मूल सॉकर खेळतं, वल्हवतं, अभ्यास करतं. मुख्य संघात जागा न मिळालेल्यांसाठी इस्थमियन, डेल्फियन आणि ओल्ड हंड्रेड या अंतर्गत क्लबांची जुनी रीत आहे. ज्याला खेळाची हौस आहे पण चढाओढीत पुढे जाण्याइतका वेग नाही, अशा मुलासाठी ही सोय लहान नव्हे.

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, अशा शाळांत एक छुपा खर्च असतो. हिवाळ्याआधीची सरावाची उणीव भरून काढायला बरीच मुलं सप्टेंबर ते नोव्हेंबर बाहेरच्या क्लबकडून खेळतात. त्याची फी वेगळी, शिवाय शनिवार-रविवारची ने-आण. बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या मुलाला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, कोण नेणार, हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कुणी काढत नाही आणि ऑक्टोबरात पालकांच्या गळ्यात पडतो.

शॅटक-सेंट मेरीज १८५८ सालची, मिनियापोलिसपासून सुमारे ८० किलोमीटर दक्षिणेला. तिची आजची हॉकी मात्र १९९० च्या दशकात उभी राहिली. इथे मूल शाळेचा खेळाडू कमी आणि क्लबचा जास्त. संघ वयोगटानुसार, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. मोसम उन्हाळा सरता सरता सुरू होतो आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत चालतो. पुढे जगातल्या नामांकित खेळाडूंत गणला गेलेल्या सिडनी क्रॉस्बीने इथे एकच मोसम काढला, २००२-०३: ५७ सामने, ७२ गोल, १६२ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला लावलेला हातभार मिळून). आकडे क्रॉस्बीचे आहेत, त्यांत आपलं मूल शोधू नका. बघायचा तो ५७. म्हणजे सेंट पॉल्सच्या वाटेवरच्या जवळजवळ दुप्पट सामने आणि त्या हिशेबात विमान, बस, हॉटेल आणि बुडालेले तास. जॉनथन टेव्स, झॅक पॅरीझे, नेथन मॅकिनन, मॅक्लिन सेलेब्रिनी हे नावाजलेले व्यावसायिक खेळाडू इथून गेले. मुलींच्या बाजूने ऑलिंपिक खेळलेल्या अमांडा केसेल, ब्रिआना डेकर, लॅमूरू जुळ्या बहिणी. मुलगी खेळत असेल तर तिघांत आमचं पहिलं मत शॅटकला. मुलींच्या संघाकडे इथे शेपूट म्हणून पाहिलं जात नाही.

नोत्र दाम वेगळ्याच मातीचं. विलकॉक्स हे रेजायनाच्या दक्षिणेला तासाच्या आतलं, काहीशे वस्तीचं गाव. शाळा म्हणजेच गाव. १९२७ मध्ये फादर अॅथल मरी आले आणि दुष्काळ-मंदीच्या दिवसांत त्यांनी ती चालवली. ब्रीद लॅटिनमध्ये आहे, अर्थ ‘झगडून वर येईन’ असा. संघाचं नाव हाउंड्स. १९८८ मध्ये त्यांच्या ज्युनियर संघाने कॅनडाचा राष्ट्रीय सेंटेनियल कप जिंकला. रॉड ब्रिंडामोर आणि गोलरक्षक कर्टिस जोसेफ त्या संघात होते. वेंडल क्लार्क, व्हिन्सन लकावलिए, ब्रॅड रिचर्ड्स हेही इथलेच. आजूबाजूला सपाट शेतं, जानेवारीत उणे तीस, करमणुकीला रिंकखेरीज फारसं काही नाही. काही मुलांना हे मानवतं, काही पहिल्या नाताळात घरी येतात ती परत जायचं नाव काढत नाहीत. एकलकोंड्या मुलाला इथे पाठवण्याआधी तिथल्या थंडीत निदान एक आठवडा राहून यावं.

नियम बदलले आहेत, तेवढे मात्र नीट समजून घ्या. पूर्वी कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर (साधारण सोळा ते वीस वयाच्या) लीगांपैकी एकीत खेळलं की अमेरिकी कॉलेजच्या पहिल्या श्रेणीच्या हॉकीचं दार बंद होत असे. त्यामुळे ‘कॉलेज हवं तर न्यू इंग्लंड’ हा सल्ला पक्का होता. १ ऑगस्ट २०२५ पासून ते बंधन उठलं. नोत्र दामहून त्या तिघींतली वेस्टर्न लीग आणि तिथून कॉलेज, ही वाट आता खुली आहे. याची दुसरी बाजू अशी, की एकोणीस-वीस वर्षांचे तयार गडी कॉलेजात येऊ लागले आणि शाळेतून थेट आलेल्या अठराच्या मुलाला जागा आणखी अवघड झाली. बहुतेकांना मध्ये एक-दोन वर्षं ज्युनियर खेळावं लागतंच. तिसऱ्या श्रेणीत, विशेषतः विल्यम्स, मिडलबरी, बोडन यांसारख्या कॉलेजांत, न्यू इंग्लंडच्या शाळांची ओळख अजून कामी येते. पण तिथे आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, मदत मिळते ती घरच्या परिस्थितीवर.

मूल एक इयत्ता मागे घ्यायचा सल्लाही मिळेल. वय अंगाला लागावं म्हणून न्यू इंग्लंडमध्ये हे सर्रास करतात. पहिल्या श्रेणीच्या पात्रतेसाठी १६ मुख्य विषय नववी सुरू झाल्यापासून चार वर्षांत पुरे व्हावे लागतात; नंतर फार तर एकच विषय मोजतात. आठवी पुन्हा केली तर घड्याळ सुरूच झालेलं नसतं. नववी किंवा दहावी पुन्हा केली तर ते चालूच राहतं, आणि वाढीव वर्षातले बहुतेक विषय धरले जात नाहीत. हा हिशेब शाळेच्या समुपदेशकाकडून लेखी घ्या.

आता बर्फ. रिंक बघायला जाल तेव्हा दालनातल्या करंडकांपेक्षा वेळापत्रक मागा. पूर्ण मापाची रिंक २०० बाय ८५ फुटांची. तासाभराच्या सरावानंतर बर्फ सारखा करायला दहा-बारा मिनिटं जातात. दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसात या चार तासांत एका रिंकवर तीनच संघ बसतात. शाळेचे सहा संघ असतील आणि रिंक एक, तर उरलेले तीन पहाटे सहाला किंवा रात्री नऊला. रात्री नऊचा सराव म्हणजे झोपायला अकरा. पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ कोणत्या वेळेला आहे, एवढा एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

मग कठड्याजवळ उभं राहून झॅम्बोनीचं, म्हणजे बर्फ सारखा करणाऱ्या यंत्राचं, काम बघा. पाणी गरम हवं, ६० ते ७० अंशांचं. ते ब्लेडने पडलेल्या चरांच्या कडा वितळवून खालच्या बर्फाशी एकजीव होतं. गार पाणी ओतलं तर वर पापुद्रा बसतो आणि दहा मिनिटांत खपल्या निघतात. बर्फाची जाडी एक ते दीड इंच. याहून जाड झाला की खालच्या नळ्यांचा गारवा वरपर्यंत पोचत नाही, पृष्ठभाग भुसभुशीत होतो. यंत्राचं पातं कठड्याला लागून पोचत नाही, म्हणून तिथे बर्फ चढत जातो. तो वेगळ्या यंत्राने कापावा लागतो. कापलेला नसेल तर कडेने सोडलेला पक (खेळाची रबरी चकती) बशीसारखा चालायचा सोडून उड्या मारत येतो. सप्टेंबरात गेलात आणि बर्फावर धुकं दिसलं तर हवेतली दमट वाफ शोषणारी यंत्रणा कमी पडतेय असं समजा. मोसम लवकर सुरू करणाऱ्या शाळेत हे नक्की तपासा. यंत्र गॅसवर चालत असेल तर हवेतला कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायॉक्साइड मोजतात का, हेही विचारा. सरावानंतर एकाच वेळी चार-पाच मुलांचं डोकं दुखू लागलं तर कारण बहुधा हवा असते, आणि त्या वेळी दारं उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं असतं.

स्केटला धार कोण लावतं, हा प्रश्न किरकोळ वाटतो. घरी हे काम बाबा करून आणतात. बोर्डिंगमध्ये मुलाचं मुलाने बघायचं. बहुतेकांच्या ब्लेडच्या तळाची खोबण अर्धा इंच त्रिज्येची असते. मुलाला एक गोष्ट शिकवून पाठवा: स्केट उलटा धरून ब्लेडच्या दोन्ही कडांवर एक नाणं आडवं ठेवायचं. नाणं ब्लेडशी काटकोनात बसलं तर ठीक. एकीकडे कललं तर एक कड उंच राहिलीय, आणि मूल एकाच बाजूच्या वळणावर घसरत राहील, प्रशिक्षक मात्र त्याच्या तंत्राला बोल लावतील. सरावानंतर पातं पुसून कापडी खोळ घालायची. प्लास्टिकची खोळ चालताना ठीक. पिशवीत तशीच ठेवली तर आतल्या ओलाव्याने गंज धरतो.

पुण्या-मुंबईत इनलाइन स्केटवर तयार झालेल्या मुलासाठी थेट यांतल्या कोणत्याही शाळेचा विचार घाईचा ठरेल. पळणं आणि स्टिक त्याला येते, पण बर्फावर आडवं वळून थांबणं इनलाइनवर शिकताच येत नाही. तो थांबा दोन्ही बाजूंनी अंगवळणी पडल्यावरच चाचणीला पाठवा. अशा मुलाला अमेरिकेत विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा लागतो, कॅनडात स्टडी परमिट.

सेंट पॉल्सचा अर्ज साधारण १५ जानेवारीपर्यंत, निकाल १० मार्चला, होकार १० एप्रिलपर्यंत. म्हणजे भेट डिसेंबरच्या आत, तीही पाहुण्यांसाठी रिंक सजवलेल्या शनिवारी नको. मंगळवारी चार वाजता, सराव चालू असताना.