साकव होईपर्यंत जमीन द्यायची, पण कोणत्या कागदावर?

भात कापून झाले की कोकणातल्या ग्रामपंचायतींची कामे सुरू होतात आणि त्यांच्यामागून एक ठरलेली विनंती दाराशी येते. साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बांधून होईपर्यंत तुमच्या मळ्यातून वळणरस्ता काढू द्या, नळपाणी योजनेचे पाइप तुमच्या वरकस (हलक्या, भात न होणाऱ्या) जमिनीत उतरवू द्या, जत्रेच्या दोन दिवसांपुरती गाड्या लावायला जागा द्या. मागणारे आपलेच असतात, काम गावाचे असते, त्यामुळे नकार देण्याची वेळ बहुधा येत नाही. विचार करायचा तो होकार कोणत्या कागदावर द्यायचा याचा. राजापूर तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात हा निर्णय मला दोनदा घ्यावा लागला. दोन्ही वेळा मी वेगळी वाट धरली, आणि कायद्यातली आणखी एक वाट समजून घेऊन बाजूला ठेवली. सातबारा, आठ-अ आणि फेरफार म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक आहे असे धरून मी या तीन वाटांविषयी लिहितो आहे.

बक्षीसपत्राचा विचार येथे केलेला नाही. विहीर, टाकी किंवा अंगणवाडी यांसाठी पंचायत बक्षीसपत्र मागते तेव्हा ती कायमची जमीन मागत असते, आणि नोंदणी झालेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही. तात्पुरत्या वापरासाठी कोणी बक्षीसपत्राचा मसुदा पुढे केला, तर तो न वाचता परत करण्यास हरकत नाही.

पहिली वाट संमतीपत्राची. 2016 च्या दिवाळीनंतर आमच्या वहाळावरचा जुना साकव पाडून नवा बांधायचे ठरले आणि वाहनांसाठी आमच्या मळ्यातल्या दोन कुणग्यांतून (भाताच्या खाचरांतून) वळणरस्ता मागण्यात आला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहिल्या गेल्या: साकवाचे काम पूर्ण होईपर्यंत सदर जागेतून रस्ता काढण्यास माझी संमती आहे, मोबदल्याची मागणी नाही. या कागदाचे गुण मान्य केले पाहिजेत. तो अर्ध्या तासात होतो, वकील लागत नाही, गावात संबंध गोड राहतात, आणि निधी 31 मार्चच्या आत खर्ची पडायचा असल्याने घाईत असलेल्या सरपंचांना आपण अडवले असे होत नाही. शेजारच्या वाडीत असेच संमतीपत्र दिलेल्या गृहस्थांना काडीचाही त्रास झाला नाही, हेही सांगायला हवे. मात्र त्यांची जागा कातळावरची होती आणि तेथे फक्त वाळू आणि खडी उतरली होती.

माझ्या बाबतीत घोडे अडले ते भरावापाशी. मळ्यातून ट्रक न्यायचा तर भराव घालावाच लागतो, हे मला सही करताना दिसत होते. तो उचलायचा कोणी, हे मात्र मी विचारले नाही आणि कागदानेही सांगितले नाही. ठेकेदाराने खाली डबर, त्यावर जांभ्याचा मुरूम आणि मध्ये पाणी जाण्यासाठी सिमेंटचे दोन पाइप घातले. साकव मे महिन्यात वाहतुकीला खुला झाला आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराचे लोक गेले. पंचायतीत विचारले तर उत्तर मिळाले की भराव काढण्याची बाब अंदाजपत्रकात नाही. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला की त्याचे बिल झाले आहे आणि पंचायतीने सांगितल्याशिवाय तो यंत्र पाठवू शकत नाही. दोघेही सौजन्याने बोलत होते आणि माझ्या मते दोघेही खरे बोलत होते, कारण आम्हा तिघांपैकी कोणीही भरावाविषयी कोठे एक शब्द लिहून ठेवलेला नव्हता. त्या पावसात मृगाच्या सरी आल्या, तरवा (भाताची रोपे) वाढला, पण लावणीसाठी त्या दोन कुणग्यांत चिखलणी करता आली नाही. पाइपांमधून पाणी एका बाजूने सुटून जाई आणि दुसऱ्या बाजूला तुंबे. डबर मातीत इतके रुतले होते की नांगराचा फाळ दर चार हातांवर अडखळत असे. सलग तीन पावसाळे ती जागा पड राहिली, आणि शेवटी मी स्वतःच्या पैशाने यंत्र लावून भराव काढला. तरीही आज चिखलणी करताना पायाला खडी लागते. भाडे मिळाले नाही याची मला खंत नाही, कारण ते मी मागितलेलेच नव्हते. जमीन दिली त्या स्थितीत परत आली नाही, आणि ती परत आणण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती, एवढ्या एका गोष्टीने माझे मत कायमचे फिरले.

भरावाचे दुसरे दुखणे उशिरा ध्यानात आले. साकव झाल्यावरही लोक त्या भरावावरूनच ये-जा करू लागले, कारण वाडीत जायला तो जवळचा होता. मी एका टोकाला कवाड घातले तेव्हा कुरबुर झाली, आणि पुढच्या मासिक सभेत तो रस्ता 23 नंबरला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत, घालावा असा विषय निघाला. तो ठराव झाला नाही, पण झाला असता तर मला तहसीलदारांपासून दिवाणी न्यायालयापर्यंत सर्व पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 याचे कलम 60 येथे वाचण्यासारखे आहे. जमीन वापरण्याची परवानगी देणारा ती मागे घेऊ शकतो, परंतु परवानगीच्या भरवशावर दुसऱ्याने कायम स्वरूपाचे काम करून खर्च केला असेल, तर ती मागे घेता येत नाही. मुरमाचा भराव कायम स्वरूपाचा नाही असे आपण म्हणू, पण त्यावर कोणी सद्भावनेने काँक्रीट ओतले तर वाद बदलतो. न्यायालये जमीनमालकाच्या बाजूने उभी राहत नाहीत असे नाही. हिमाचल प्रदेशात 1967-68 मध्ये संपादनाशिवाय एका स्त्रीच्या जमिनीतून रस्ता काढला गेला होता. तोंडी संमती होती आणि आता आमचा प्रतिकूल कब्जा (दीर्घ ताब्याने मिळणारा मालकी हक्क) झाला आहे, हे सरकारचे दोन्ही मुद्दे फेटाळून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये तिला भरपाई देण्याचा आदेश दिला. राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ खालचा मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नसला तरी घटनात्मक आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय सरकारला तो हिरावता येत नाही, हे त्या निकालाने पुन्हा स्पष्ट केले. तरीही रस्ता आणि निकाल यांच्यामध्ये अर्धे शतक गेले, आणि साकवाच्या दोन कुणग्यांसाठी एवढे आयुष्य कोणाकडे असते?

दुसरी वाट सरकारी आहे, आणि कागदावर ती सर्वांत भक्कम आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 81 प्रमाणे सार्वजनिक प्रयोजनासाठी पडीक किंवा लागवडयोग्य जमीन तात्पुरती ताब्यात घेण्याचा निर्देश शासन जिल्हाधिकाऱ्यांना देऊ शकते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे असते. हितसंबंधितांना लेखी नोटीस द्यावी लागते, मोबदला एकरकमी किंवा मासिक हप्त्यांनी लेखी ठरवावा लागतो, आणि रकमेवर एकमत न झाल्यास वाद प्राधिकरणाकडे जातो. मला सर्वांत आवडले ते कलम 82. मुदत संपल्यावर झालेल्या नुकसानीची भरपाई देऊन जमीन परत करायची, आणि ती पूर्वीच्या वापरास कायमची निरुपयोगी झाली असेल तर मालकाच्या मागणीवरून शासनाने ती रीतसर संपादित करायची. माझा भराव या कलमाखाली आला असता तर तो कोणी काढायचा हा प्रश्न मला फोनवर विचारावा लागला नसता. अडचण अशी की ही वाट आपण निवडू शकत नाही. ती शासनाने निवडावी लागते, आणि दोन कुणग्यांसाठी कोणतीही पंचायत जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जाईल असे मला वाटत नाही. आपण कलम 81 चा आग्रह धरला तर व्यवहारात त्याचा अर्थ नकार असाच घेतला जातो, आणि दोष आपल्या माथी येतो. काम मोठे असेल, मुदत वर्षापेक्षा जास्त असेल किंवा कलमी झाडे तोडावी लागणार असतील, तर हा आग्रह जरूर धरावा. त्यासाठी सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी; ई-पीक पाहणी न केल्याने जमीन पड दिसत असेल, तर पिकाच्या नुकसानीचा मुद्दा पटवून देणे अवघड जाते.

आपत्तीची गोष्ट निराळी आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पूर आला तशा प्रसंगी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 65 खाली बचावकार्यासाठी जिल्हा प्राधिकरण किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने जागा अधिग्रहित करू शकतो आणि कलम 66 प्रमाणे तिचा मोबदला द्यावा लागतो. तेथे आपल्याला वाटा निवडायच्या नसतात आणि निवडूही नयेत. मात्र हा अधिकार सरपंचांना आपोआप मिळत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

तिसरी वाट मी दुसऱ्या वेळी, 2023 च्या हिवाळ्यात, धरली. पंचायतीला नळपाणी योजनेचे पाइप ठेवण्यासाठी आणि यंत्रे फिरवण्यासाठी आमची सड्याखालची वरकस जमीन हवी होती. या वेळी मी संमतीपत्राऐवजी मुदतीचा वापर-परवाना लिहून दिला. हा भाडेपट्टा नव्हे. भाडेपट्ट्याने जमिनीत हक्क निर्माण होतो, परवान्याने फक्त वापराची मुभा मिळते, आणि मुदतीचा परवाना मुदत संपताच आपोआप संपतो. आमच्याकडे जुनी माणसे लेखी काही द्यायला बिचकतात, कारण कूळ लागेल ही भीती पिढ्यान्‌पिढ्या रक्तात आहे. माझ्या काकांचेही तेच म्हणणे होते. जो कसत नाही त्याचे कूळ लागत नाही, हे त्यांना पटवायला दोन संध्याकाळी गेल्या.

परवान्यात शेवटची तारीख घातली. 'काम पूर्ण होईपर्यंत' असे शब्द टाळून 31 मे असे लिहिले, म्हणजे पावसाच्या आधी जागा मोकळी व्हावी. भराव, पाइप आणि डबर काढून जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी पंचायतीवर आणि पंचायतीमार्फत ठेकेदारावर टाकली. कायम बांधकाम करायचे नाही, आणि या वापराच्या आधारे 23 नंबरला किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद घ्यायची नाही, अशी दोन वाक्ये वकिलांनी सुचवली. मासिक सभेचा ठराव क्रमांक मसुद्यात आला आणि जागेची छायाचित्रे सोबत जोडली. खरा उपयोग झाला तो एका साध्या अटीचा: जमीनमालकाचे लेखी ना-हरकत आल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सोडायची नाही. अनामत मागे अडकलेली असली की यंत्र कसे वेळेवर येते, हे मी पाहिले.

ते अगदी वेळेवर आले असे मात्र नाही. 31 मे उलटून गेली, जूनच्या पहिल्या पावसात यंत्र आले, आणि गडग्याचे (दगडी कुंपणाचे) काही चिरे अजूनही जागेवर बसवलेले नाहीत. सरपंच बदलले, ग्रामसेवकांची बदली झाली, आणि नव्या माणसांना हा कागद दाखवावा लागला. आवक क्रमांक टाकून घेतलेली प्रत माझ्याकडे नसती तर तो दाखवण्याजोगाही राहिला नसता. गावच्या कामाला कागद कसला मागता, हे वाक्यही ऐकावे लागले, आणि ते बोचले. स्टॅम्पचा खर्च ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा पाचशे झाला आहे, तोही धरावा. तरी त्या वरकस जमिनीत पुढच्या पावसात नाचणी पेरता आली, आणि माझ्या दृष्टीने या वाटेच्या बाजूने तेवढे पुरेसे आहे.

जत्रेच्या गाड्यांसाठी किंवा कातळावर दोन दिवस खडी ठेवण्यासाठी कोणी जागा मागत असेल, तर साधे संमतीपत्र चालेल. त्यासाठी परवान्याचा खटाटोप करणे मलाही जड वाटेल. मातीची जागा असेल, भराव पडणार असेल आणि तेथून वाट जाणार असेल, तर निदान मी तरी मुदतीच्या परवान्याशिवाय देणार नाही. पंचायत कागदाला अजिबात तयार नसेल, तर कलम 81 चे नाव एकदा सौम्यपणे काढून पाहावे. अनेकदा त्यानंतर परवाना सोपा वाटू लागतो.

सर्वांत जास्त वेळ खातात त्या सह्या. एका सहहिस्सेदाराने दिलेली परवानगी इतरांना बांधून ठेवत नाही, आणि आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांतली दोन डोंबिवलीला, एक वापीला, एक परदेशात. पंचायतीचा विषय दिवाळीनंतर येणार असा सुगावा लागला, तर मसुदा श्रावणातच तयार ठेवावा. गणपतीला सगळे चाकरमानी घरी असतात, आणि आरती झाल्यावर माजघरात बसलेल्या माणसांकडून सही घेणे कुरिअरने कागद फिरवण्यापेक्षा फार सोपे जाते.