१०८ आली, पण पहिल्या वेळी मामाजींना न घेताच परत गेली

आमच्या घरी दोनदा १०८ ची गाडी, म्हणजे सरकारी रुग्णवाहिका, आली. दोन्ही वेळा मामाजींसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांचं वय ८१. पहिल्या वेळी ओसरीपर्यंत रक्ताचे थेंब होते, तरी गाडी त्यांना न घेता परत गेली. दुसऱ्या वेळी कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ, बाकी काही नाही, आणि डॉक्टर मॅडम त्यांना घेतल्याशिवाय हलल्या नाहीत. दोन्ही निर्णय बरोबर होते असं माझं ठाम मत आहे. गावात अजूनही मला विचारतात, "रक्त होतं तवा नेलं नाही, अन् टेंगळासाठी वर्धेला नेलं?" म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. पहिली वेळ मागच्या वर्षी पोळ्याच्या आधीची. मामाजी बैलांना कुटार टाकायला गेले, पडले आणि गव्हाणीच्या पत्र्यानं नडगी सोलली. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते, एवढासा पत्रा लागला तर बोटभर कातडी उलटी झाली. रक्त पाहून मी घाबरले, फोन लावला. गाडीतून पायलट दादा, म्हणजे गाडी चालवणारे, आणि एक तरुण डॉक्टर उतरले. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे, आणि आपल्या गाड्यांमध्ये डॉक्टर असतात. त्याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी जखमेवर पट्टी दाबून धरायला मला सांगितलं आणि आधी मामाजींशी बोलायला बसले. पाय अडकला की चक्कर आली? पडायच्या आधीचं आठवते का? डोकं कुठं आपटलं? किती वेळ खाली पडून होते? मग बोटाला टोचून साखर पाहिली. बीपी झोपवून घेतलं, उभं करून पुन्हा घेतलं. दोन्ही पायांची लांबी सारखी आहे का पाहिली, खुबा दाबला, टाच उचलायला लावली. मग म्हणाले, "आजोबा, न्हाणीपर्यंत चालून दाखवा." काठी घेऊन ते गेले आणि आले. डॉक्टर मागं मागं चालले, उंबरठा ओलांडताना पाय कसा उचलतात तेही पाहिलं. रात्री घरी कोण असते, संडास किती दूर आहे, गाडी कोणाकडं आहे, हेही विचारलं.

शेवटी जखम सलाईननं धुतली आणि ती उलटलेली कातडी ओल्या पट्टीनं हळूहळू सरकवत जागेवर आणली. चुरगळलेला कागद तळहातानं सरळ करावा तसं. म्हणाले, टाक्यांची गरज नाही, ही कातडी टाके धरतही नाही. उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ड्रेसिंग आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. कोणती लक्षणं दिसली तर परत फोन करायचा ते लिहून दिलं, सही घेतली. "दवाखान्याची रात्रही म्हाताऱ्या माणसाला सोपी नसते," हे त्यांचं वाक्य मला तेव्हा नीट समजलं नव्हतं.

जानेवारीत नागपूरला मामाजींच्या हृदयात स्टेंट टाकला. दुसरी वेळ दिवाळीनंतरची, कापूस वेचणी जोरात होती. सांजच्याला बाजेवरून उठले आणि बाजूच्या जात्यावर कलंडले. स्वतःच उठून बसले. "काही नाही झालं मले. चहा मांड." खरं सांगते, एरवी मी फोन केलाच नसता. पण चक्कर आली होती का विचारलं तर त्यांना सांगता येईना, म्हणून केला.

या वेळी मॅडम होत्या. त्यांनी सगळं तसंच तपासलं, मानेचा एकेक मणका दाबून पाहिला, आणि मग म्हणाल्या, गोळ्या दाखवा. मी खुंटीवरची कॅरीबॅग आणली. त्यांनी एक स्ट्रिप उलटी करून वाचली, क्लोपिडोग्रेल. सोबत ॲस्पिरिन. तिथं त्यांचं ठरलं. मला बाजूला नेऊन नाही, मामाजींच्या समोरच सांगितलं: "भुईमुगाची शेंग वाळली की दाणा आत खुळखुळतो ना? वयानं मेंदू तसा थोडा आकसतो. बाहेरच्या शिरा ताणलेल्या असतात. त्यात तुमच्या गोळ्या रक्त सहज गोठू देत नाहीत. आत थेंब थेंब झिरपलं तर आत्ता तुम्ही हसाल, बोलाल, आणि त्रास काही तासांनी किंवा दिवसांनीही सुरू होऊ शकतो. हे मला बाहेरून दिसत नाही. डोक्याचा फोटो, म्हणजे स्कॅन, काढावाच लागते." शिवाय झोपून १५० असलेलं बीपी उभं राहिल्यावर ११८ झालं होतं. तेही कागदावर लिहिलं.

मामाजी म्हणाले, "नाही येत मी. कापूस कोण येचन?" मॅडमनी घाई केली नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "आजोबा, भीती कायची वाटते?" मग निघालं. आत्याजी, म्हणजे माझ्या सासूबाई, दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मॅडम म्हणाल्या, फोटो चांगला आला तर बहुतेक उद्याच घरी, आणि सूनबाई सोबत राहील. तेव्हा कुठं ते उठले.

वर्धेला स्कॅन झाला. साफ आला. रात्रभर ठेवलं. त्या रात्री मामाजींना आपण कुठं आहोत हेच समजेना. बैल सोडले का म्हणून उठत होते, हातातली सुई ओढत होते. पहिल्या डॉक्टरांचं वाक्य मला तिथं समजलं. सकाळी भानावर आले. बीपीची गोळी कमी करून दिली, आणि पडायचं कारण तीच होती, तिच्यामुळं उठताना बीपी घसरत होतं. स्कॅन साफ आला म्हणजे जाणं वाया गेलं असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते.

हे मला एवढं का वाटते? माझ्या मावशीला एका दवाखान्यात "चालताय ना, मग हाड मोडलेलं नाही" म्हणून घरी पाठवलं होतं. चार दिवस ती मोडक्या खुब्यावर घरात फिरली. खुब्याचं हाड मोडून एकमेकांत रुतून बसलं तर माणूस चालू शकतो, हे मला नंतर कळलं. म्हणून पहिल्या डॉक्टरांनी नुसतं चालवून न पाहता खुबाही दाबून पाहिला, याचं मला मोल वाटते.

एक गोष्ट लक्षात ठेवा, १०८ परत आणून सोडत नाही. येताना आम्हाला गाडी करावी लागली, पैशांची सोय ठेवा.

मामाजी आता बाजेवर आधी बसतात, थांबतात, मग उठतात. गोळ्यांची नावं, वेळ आणि कशासाठी, हे नातवानं मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागं चिकटवलं आहे. गाडी पुन्हा आली तर कॅरीबॅग शोधावी लागू नये.