पोळीभाजी केंद्रात एसओपी लावून दहा महिने झाले: वापरानंतरचा अनुभव

परळला आमचं पोळीभाजी केंद्र आहे. माझ्यासकट आठ माणसं, दुपारचे दीडशेच्या आसपास डबे आणि वर काउंटरची विक्री. गेल्या गणपतीत स्वयंपाकाच्या मावशी बारा दिवस कणकवलीला गेल्या आणि आमटीची चव त्यांच्याबरोबर गेली. त्याआधी श्रावणात एका आजींच्या बिनकांदा-लसणाच्या डब्यात रोजची भाजी गेली होती. त्या रागावल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, "आज जेवले नाही गं." ते मला फार लागलं. सप्टेंबरात ठरवलं की प्रत्येक कामाची पद्धत लिहून काढायची, म्हणजेच एसओपी (कामाची ठरलेली, लेखी पद्धत) करायची.

पहिला प्रयत्न फुकट गेला. भाच्याने नेटवरून नमुना काढून २२ पानं टाइप करून दिली. उद्देश, व्याप्ती, जबाबदारी, सगळे रकाने होते. ती फाइल महिनाभर फळीवर पडून राहिली, कोणी उघडली नाही. मालकाने टेबलावर बसून लिहिलेली एसओपी छोट्या धंद्यात चालत नाही, हे माझं आता पक्कं मत आहे. काम करणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्याच शब्दांत लिहावी लागते.

म्हणून ऑक्टोबरात मी पहाटे साडेपाचला वही आणि डिजिटल काटा घेऊन मावशींच्या बाजूला उभी राहिले. "मीठ किती?" "अंदाजाने." मग त्यांनी मूठ भरली की ती आधी वाटीत रिकामी करायला लावायची, वजन करायचं आणि मगच पातेल्यात. दहा लिटर आमटीला दोन मुठी. पाच दिवसांचे आकडे ८८ ते ९४ ग्रॅमच्या मध्ये आले. तीस वर्षांचा हात किती नेमका असतो ते मी त्या काट्यावर पाहिलं. आता ९० ग्रॅमला खूण केलेली स्टीलची वाटी मिठाच्या डब्यातच असते.

तिसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "ताई, सगळं कागदावर घेतलंत की मग माझं काय काम?" एसओपी लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाची तयारी आधी करावी. मी केली नव्हती. त्या दिवशी वही मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी नीट बोलले, पगार वाढवला आणि स्वयंपाकाच्या कागदात बदल करायचा तर तो त्यांच्याच सांगण्यावरून होईल, असं ठरवलं. त्याचा फायदा जूनमध्ये दिसला. दहा किलो पिठाला सहा लिटर पाणी असं लिहिलं होतं. पावसाची हवा सुरू झाली तशी कणीक सैल पडायला लागली, पोळी लाटताना फाटायला लागली. मावशींनी कागदावर वाढवायला लावलं: "पावसाळ्यात अर्धा लिटर पाणी मागे ठेवा, कणीक बघून घाला." गोळा ४० ग्रॅमचा, तो मात्र बदलला नाही. त्या कागदाची ही चौथी आवृत्ती आहे आणि वर तारीख घातलेली असते, म्हणजे जुना कागद भिंतीवर राहत नाही.

डब्यांचा गोंधळ सोडवायला मी आपल्या डबेवाल्यांकडे पाहिलं. १८९० पासून चालत आलेलं त्यांचं काम झाकणावरच्या खुणांवर चालतं: कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला. लांबलचक पत्ता वाचायची गरजच नाही. आम्ही बिनकांदा-लसणाच्या डब्याला हिरवा रबर लावायला लागलो. डबा भरायच्या आधी लावायचा, भरल्यावर नाही. हा क्रम महत्त्वाचा, कारण चूक भरतानाच होते. तेव्हापासून तशी चूक झालेली नाही. आमच्याकडे एका मुलाला मराठी वाचता येत नाही, त्याच्यासाठी कागदावर फोटो आहेत आणि मावशींच्या आवाजातला व्हॉट्सॲप मेसेज आहे. तो मेसेज त्याला कागदापेक्षा जास्त उपयोगी पडला.

न जमलेली गोष्ट म्हणजे टिकमार्कचं रजिस्टर. रोज २७ खुणा करायच्या होत्या. आठवड्यातच सगळ्या खुणा रात्री एकाच पेनाने, एकाच हाताने व्हायला लागल्या. मी सहा ठेवल्या, बाकी काढून टाकल्या. गॅसचा रेग्युलेटर बंद, फ्रिजचं तापमान, तळणीचं तेल काढलं का, अशा ज्या चुकल्या तर खरंच नुकसान होईल तेवढ्याच. तेलाचा सरकारी नियम आता कडक आहे. तळणीच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंड्सची (तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आमच्याकडे ते मोजायचं यंत्र नाही, म्हणून आजचं तेल उद्या तळणीला घ्यायचं नाही, एवढं सरळ लिहिलं. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचे असतात, म्हणून डबे भरायच्या आधी आमटीला पुन्हा उकळी, हेही कागदावर आहे.

खर्च फारसा नाही, काटा आणि लॅमिनेशन धरून दोन हजारांच्या आत. वेळ मात्र जातो. एका कामाला चार-पाच सकाळी द्याव्या लागतात, घाई केली की कागद खोटा होतो. एप्रिलमध्ये आलेली नवी मुलगी आठवड्याभरात एकटी आमटी करायला लागली. आधी याला महिना लागायचा. शनिवारी गर्दीत आम्ही अजून घसरतो, भाजीचं माप हातावर जातं. त्यावर उपाय सापडलेला नाही.

मावशींचं यंदाचं गणपतीचं तिकीट निघालंय. जाताना मन शांत असेल, म्हणाल्या. पण पहाटे दादरच्या मंडईत कुठली भाजी कशी बघून घ्यायची, कुठल्या भावाला सोडायची, हे अजून फक्त माझ्या डोक्यात आहे. सोमवारपासून नव्या मुलीला बरोबर नेणार आहे. या वेळी वही तिच्या हातात असेल.