हवा जाऊ द्यायची, आवाज अडवायचा: मेटामटेरियलचं कडं की ग्लासवूलचा सायलेन्सर?

पंख्याच्या डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या नळात, काय बसवायचं, हे आधी आवाजाचा आलेख (कोणत्या वारंवारतेला किती आवाज) पाहून ठरवा. फोनवरचं स्पेक्ट्रम अ‍ॅप एवढ्यापुरतं पुरतं. आलेखात एकच उंच टोक असेल तर ते बहुधा पंख्याच्या पात्यांचं असतं. ताळा सोपा आहे: पात्यांची संख्या गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. म्हणजे ७ पाती आणि ३००० फेरे असतील, तर ३५० हर्ट्झ. आवाज सगळीकडे सारखा पसरलेला असेल, तर मेटामटेरियलच्या, म्हणजे पदार्थापेक्षा आकाराच्या रचनेमुळे लाटा वळवणाऱ्या वस्तूच्या, वाटेला जाऊ नका.

बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेलं कडं मधोमध मोकळं आहे आणि भोवती सर्पिल वाटा आहेत. मधून सरळ गेलेली लाट आणि सर्पिलातून फिरून आलेली लाट पलीकडे एकमेकींना खोडतात. सुमारे ६० टक्के जागा हवेला मोकळी राहून ४६० हर्ट्झच्या आसपास ९४ टक्के ध्वनिऊर्जा अडली. डेसिबलमध्ये हे साधारण १२ होतात. मात्र हा आवाज मुख्यतः परत फिरतो, जिरत नाही. पंख्याच्या मागेही माणसं बसत असतील तर हे आधीच लक्षात घ्या.

बारा डेसिबल कोणत्या आवाजातून वजा होणार, हा खरा प्रश्न. टोक ६९ आणि बाकीचा गोंगाट ६३ असेल तर एकूण आवाज ७० वरून ६४ वर येतो, कानाला स्पष्ट कळतं. उलट टोक ६३ आणि गोंगाट ६९ असेल तर १ डेसिबलसुद्धा कमी होत नाही.

ग्लासवूलच्या (काचतंतूंच्या लोकरीच्या) पट्ट्यांचा सायलेन्सर मध्यम आणि वरच्या वारंवारतांवर सरसकट काम करतो, पंख्याचा वेग बदलला तरी. त्याची किंमत हवा मोजते: पट्ट्यांनी मोकळी जागा निम्मी केली की तिथला वेग दुप्पट आणि दाबातली घट साधारण चौपट. १२५ हर्ट्झला पाव तरंगलांबीच ६९ सेंटिमीटर भरते, तिथे ५० मिलिमीटरचा थर फार काही करू शकत नाही. तेलकट वाफ किंवा ओल असेल तर लोकर भरते आणि आगीचा धोकाही वाढतो.

कड्याचं दुखणं वेगळं. त्याचा सूर ठरलेला असतो. ड्राइव्हने (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाने) पंख्याचा वेग १० टक्के उतरवला की टोक सरकतं आणि कडं नुसतं बसून राहतं. हवा २० वरून ४० अंशांवर गेली तरी ४६० चा सूर ४७६ च्या जवळ जातो. सर्पिलात धूळ साचली, जोडाला फट राहिली किंवा भिंत पातळ होऊन थरथरली, तरी खोडणं बिघडतं. थ्रीडी प्रिंटरवर करणार असाल तर गरम हवेसाठी पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. वाटांची तोंडं धारदार ठेवली तर वेगवान हवेत शिट्टी वाजू शकते, म्हणून कडा गोल करा.

वेग कायम, हवा स्वच्छ, टोक एकच आणि दाब गमावणं परवडत नाही, अशा ठिकाणी कडं घ्या. वेग बदलता असेल तर ग्लासवूलच, पण डक्ट रुंद करून. दोन्ही प्रकारांत विक्रेत्याकडून आयएसओ ७२३५ (डक्टमधल्या सायलेन्सरच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे, हवा वाहत असताना घेतलेली मोजमापं मागा. स्थिर हवेतले आकडे शिट्टीबद्दल काहीच सांगत नाहीत.