सावकार सापडत नाही, गहाण जमीन सोडवायची आहे: कोर्टात पैसे भरावेत की दावा लावावा?

आजोबांनी जमीन गहाण टाकली. पैसे देणारा गेला, घेणाराही गेला, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कांत सावकाराचं नाव अजून तसंच आहे. बँक कर्ज देत नाही आणि विकायला काढली तर गिऱ्हाईक मागे फिरतं. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 दोन रस्ते देतो: कलम 83 खाली गहाणाची रक्कम दिवाणी कोर्टात भरणं, किंवा कलम 60 चा हक्क धरून गहाण सोडवण्याचा दावा लावणं. सावकाराचे वारस हाती लागत असतील तर मी पहिला रस्ता सुचवेन. खरोखर कुणाचाच ठावठिकाणा नसेल तर सरळ दावा लावा.

कलम 83 चं काम थोडक्यात असं. गहाणाची मुदत भरल्यावर आणि दाव्याची कालमर्यादा संपण्याआधी येणं असलेली सगळी रक्कम कोर्टात भरायची, मग कोर्ट सावकाराला नोटीस काढतं. तो आला, ती रक्कम कबूल केली आणि गहाणखत जमा केलं की त्याला पैसे मिळतात. जमीन त्याच्या ताब्यात असेल तर पैसे उचलण्याआधी त्याला ताबा सोडावा लागतो. परतीचा किंवा गहाण फिटल्याचा नोंदणीकृत दस्तही करून द्यावा लागतो, त्याचा खर्च मात्र आपला. पैसे भरून नोटीस बजावली गेली की व्याज थांबतं. एवढं होऊनही त्याने जमीन धरून ठेवली तर पुढच्या पिकाचा हिशोब त्याच्या डोक्यावर येतो.

अडचण इथेच आहे. हे सगळं सावकार येण्यावर उभं आहे. तो आलाच नाही तर पैसे कोर्टात पडून राहतात आणि सातबाऱ्यावरची नोंदही हलत नाही, कारण या अर्जात कोर्ट हक्काचा निवाडा करत नाही. पैसे भरले म्हणजे जमीन सुटली असं समजून कितीतरी घरं निर्धास्त राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

दाव्याला वेळ आणि वकिलाचा खर्च जास्त लागतो. पण प्रतिवादी सापडला नाही म्हणून तो अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5 नियम 20 प्रमाणे कोर्टाच्या आवारात आणि त्याच्या शेवटच्या माहीत असलेल्या घरावर समन्स डकवता येतं, किंवा त्या भागातल्या वर्तमानपत्रात छापता येतं. तरीही कुणी आलं नाही तर दावा एकतर्फी चालतो. कोर्ट हिशोब करून प्राथमिक हुकूमनामा देतं, ती रक्कम भरली की अंतिम हुकूमनामा होतो. सही करायला माणूस नसेल तर अंमलबजावणीत कोर्ट त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकतं.

मात्र सावकार मेला आहे की नुसता बेपत्ता आहे, हे आधी पक्कं करा. मेलेल्या माणसावर दावा लावून मिळवलेला हुकूमनामा कागदावरच राहतो, कारण कायद्याने तो शून्य असतो. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याचा मृत्यू गृहीत धरता येतो (भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023, कलम 111), पण मग वारसांना पक्षकार करावं लागतं. त्यांची नावं शोधायची सोपी जागा म्हणजे सावकाराची स्वतःची जमीन. ती ज्या गावात असेल तिथे वारसनोंदीचा फेरफार काढा, त्यात मुलं, मुली, बायको सगळ्यांची नावं नात्यासकट असतात. आपल्या सातबाऱ्यावर गहाणाच्या नोंदीशेजारी फेरफार क्रमांक असतो. त्या फेरफारातून दस्ताचा क्रमांक आणि तारीख मिळाली की दुय्यम निबंधकाकडून गहाणखताची नक्कल निघते. ती हातात आल्याशिवाय कुठलाच रस्ता निवडू नका.

कारण गहाणाचा प्रकार त्या कागदावरच कळतो. साधारणपणे सोडवण्याचा हक्क मिळाल्यापासून दाव्याला 30 वर्षं मिळतात. जमीन सावकाराच्या ताब्यात देऊन उत्पन्नावर कर्ज फेडायचं असं कब्जेगहाण असेल तर बाजू भक्कम: 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा गहाणात ही 30 वर्षं गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत. तेव्हा पन्नास वर्षांचं कब्जेगहाण आहे म्हणून कुणी घाबरवलं तर लगेच हार मानू नका. नजरगहाणात जमीन आपल्याकडेच असते, आणि पैसे देय झाल्यापासून 12 वर्षांत सावकाराने दावा केला नसेल तर त्याची वसुलीची वाट बहुधा बंद झालेली असते. नोंद तेवढी चिकटून राहते.

भावंडांपैकी एकटाही संपूर्ण जमीन सोडवू शकतो, फक्त बाकीच्यांना दाव्यात सामील करून घ्यावं.

व्यवहार खासगी सावकाराशी झाला असेल आणि जमीन गेल्या 15 वर्षांत त्याच्या ताब्यात गेली असेल, तर कोर्टाआधी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 18 खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून बघा. वरवर खरेदीखत असलं तरी ते कर्जाच्या तारणापोटीच झालं होतं का, याची तिथे चौकशी होते आणि जमीन परत देण्याचा आदेशही होऊ शकतो.

कोणत्याही रस्त्याने गेलात तरी शेवटी दस्ताची किंवा अंतिम हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल तलाठी कार्यालयात देऊन फेरफार मंजूर करून घ्या, आणि नवा सातबारा काढून इतर हक्कांचा रकाना स्वतः तपासा.