खगोलजीवशास्त्रात पीएचडी: अहमदाबाद, युरोप की अमेरिका?

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं भेटतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "नासात जायचं असेल तर काय करावं लागेल?" या प्रश्नात संस्था असते, देश असतो, विषय मात्र नसतो. खगोलजीवशास्त्र हा एकच एक पेशा नाही. पृथ्वीबाहेर जीवन असेल तर ते ओळखायचं कसं, आणि पृथ्वीवर ते सुरू झालं कसं, या दोन प्रश्नांभोवती भूशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ जमले आहेत. त्यांच्यात जाऊन बसायचं तर आधी स्वतःचं एक कसब हवं. मी भूशास्त्राच्या वाटेने इथे आले, आणि त्या दगडांच्या ओळखीनेच मला आजवर तारलं आहे.

म्हणून खालची तुलना वरवर देशांची दिसली, तरी माझी कसोटी वेगळी आहे. पीएचडीची चार-पाच वर्षं रोज सकाळी तुमच्या हातात काय असणार? उल्कापाषाण, उपकरण, जिवाणू, की संगणकावरचा डेटा?

अहमदाबाद आणि देशातल्या इतर जागा

ग्रहविज्ञानासाठी भारतात पहिलं नाव पीआरएलचं, म्हणजे भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये अहमदाबादेत ती सुरू केली आणि आज ती अवकाश विभागाच्या अखत्यारीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरल्यावर प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीतली मूलद्रव्यं ज्या एपीएक्सएस उपकरणाने मोजली, ते इथे तयार झालं होतं. त्या २३ मोजमापांवरचा शोधनिबंध पुढच्याच वर्षी 'नेचर'मध्ये आला. चंद्र एकेकाळी वितळलेल्या खडकाच्या महासागराने वेढलेला होता, या कल्पनेला त्यातून दक्षिणेकडच्या उच्च अक्षांशांवरून पुरावा मिळाला. उपकरण बांधणारे आणि त्याचे आकडे वाचणारे लोक एकाच आवारात बसतात, ही या जागेची खरी श्रीमंती. शिवाय उल्कापाषाणांतले वायू आणि समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, अवकाशातल्या बर्फाचं रसायन तपासणारा गट आहे, आणि माउंट अबूच्या २.५ मीटर दुर्बिणीवर 'पारस-२' हा वर्णपटलेखक दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधतो.

प्रवेशासाठी नेट-जेआरएफ, गेट किंवा जेस्ट या राष्ट्रीय परीक्षांपैकी एक आणि मग मुलाखत. पहिली दोन वर्षं विद्यावेतन महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००. पदवी संलग्न विद्यापीठाची मिळते. काही पालकांना हे खटकतं, पण संशोधनात पुढे कोणी त्याबद्दल विचारत नाही. शोधनिबंध काय आणि कुणासोबत, एवढंच पाहतात.

या बाजूने सगळ्यात वजनदार गोष्ट म्हणजे वेळ. चंद्रावरचे नमुने परत आणणाऱ्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तरतूद २,१०४ कोटी. त्याच दिवशी शुक्राभोवती फिरणाऱ्या यानालाही १,२३६ कोटी मंजूर झाले. मोहिमांना उशीर होतो, हे गृहीतच धरावं. पण आज पीएचडीला लागणारी मुलगी या दोन्ही मोहिमांच्या काळात नेमकी प्रशिक्षित होऊन बाहेर पडेल. हा योग पंधरा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला नव्हता.

उणीव स्पष्ट सांगते: जीवशास्त्राचे विद्यार्थी इथे सहज बसत नाहीत. त्यांना भारतात वाट थोडी स्वतः पाडावी लागते. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथे अंटार्क्टिकातल्या बर्फावर आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांवर काम होतं. दोनापावलाच्या एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, हिंदी महासागराच्या तळातून मिळालेल्या, अवकाशातून पडलेल्या वाळूच्या कणाएवढ्या वैश्विक गोळ्यांचा अभ्यास झाला आहे. पुण्यात सूक्ष्मजीवांसाठी आघारकर संस्था आणि एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आहेत. यातल्या कुठल्याच दारावर 'खगोलजीवशास्त्र' अशी पाटी नाही. प्रश्न तुम्ही घेऊन जायचा, तंत्र त्यांच्याकडून शिकायचं.

आणि लोणार आहेच. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते उल्कापाताने बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, पडलेलं आहे. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसॉल्टचंच, म्हणून तिथल्या विवरांशी ताडून पाहायला जगभरचे लोक लोणारला येतात. वर तळ्याचं पाणी खारं आणि कमालीचं अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आघारकर संस्थेच्या तपासणीत त्यात हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव सापडले. धडकेने भाजलेला खडक आणि टोकाच्या परिस्थितीत जगणारा जीव, दोन्ही एका काठावर! अमरावती किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला हे घरचं मैदान आहे. परिसर अभयारण्याचा असल्याने नमुने घ्यायला वन विभागाची परवानगी लागते. ती वेळेत मागा, कारण प्रबंधाचं अर्धं सत्र त्यातच जाऊ शकतं.

युरोप: पीएचडी म्हणजे नोकरी

युरोपात, विशेषतः जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये, पीएचडीची जागा नोकरीसारखी जाहीर होते. करार, पगार, आरोग्यविमा, आणि तीन किंवा चार वर्षांची मुदत. कुठल्या प्रकल्पावर, कुठल्या उपकरणावर काम करायचं हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं. अर्जाला सहसा शुल्क नसतं. एमएस्सी मात्र बहुतेक ठिकाणी हवीच.

भारतीय विद्यार्थ्याने दोन दारं आधी ठोठवावीत. एक, मेरी क्युरीच्या नावाने चालणारी युरोपीय संघाची डॉक्टरल नेटवर्क्स. त्यांना नागरिकत्वाची अट नाही. अट आहे ती राहण्याची: ज्या देशात जागा आहे तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. पुण्याहून थेट जाणाऱ्याला ही अट फायद्याचीच ठरते. पण जर्मनीतच एमएस्सी केलेल्याला नेमकी जर्मनीतली जागा हुकते. दुसरं दार म्हणजे ग्योटिंगेनमधल्या माक्स प्लांक संस्थेची सूर्यमाला विज्ञानाची डॉक्टरल शाळा. २०२८ मध्ये निघणार असलेलं 'रोझालिंड फ्रँकलिन' रोव्हर मंगळाच्या जमिनीत दोन मीटर खोल भोक पाडून नमुना काढेल. त्यातले सेंद्रिय रेणू तपासणाऱ्या 'मोमा' उपकरणाचं नेतृत्व याच संस्थेकडे आहे.

सूक्ष्मजीवांच्या मुलामुलींना मी युरोपच आधी सुचवते. जर्मन एरोस्पेस सेंटरच्या कोलोनमधल्या प्रयोगशाळेत जीवाणूंवर किरणोत्सर्ग, निर्वात आणि मंगळासारख्या हवेचे प्रयोग होतात. अंतराळ स्थानकाच्या बाहेर जीव टांगून ठेवणाऱ्या 'एक्स्पोज' प्रयोगांमध्ये या गटाचा मोठा वाटा होता. जंतू, उपकरण आणि अवकाश हे तिन्ही एका छताखाली देणारी ठिकाणं जगात फार थोडी आहेत.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. युरोपीय अवकाश संस्थेच्या पदवीधर प्रशिक्षणार्थी जागा सदस्य आणि सहयोगी देशांच्या नागरिकांसाठी आहेत. भारतीय पासपोर्टवर तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. त्याच मोहिमांचा डेटा विद्यापीठांमार्फत हाताळायला मात्र काही आडकाठी नाही. दुसरं, तीन वर्षं म्हणजे खरोखर तीन वर्षं. विषय बदलायला, चुकायला, भटकायला वाव कमी. ज्याला आपला प्रश्न माहीत आहे त्यालाच ही घडण मानवते.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून सरकारी निधीच्या पीएचडी जागांपैकी ३० टक्क्यांपर्यंत परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. एडिनबरा तिथलं या विषयातलं जुनं केंद्र. जागा थोड्या आणि चुरस मोठी, त्यामुळे हा मुख्य बेत नसावा.

अमेरिका: सगळ्यात मोठं आवार, सगळ्यात जास्त कुंपणं

विषयाची रुंदी पाहिली तर अमेरिकेला तोड नाही. सिअ‍ॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ आणि पेन स्टेट इथे मूळ विषयासोबत खगोलजीवशास्त्राची जोडपदवी मिळते. टूसॉनची चंद्र-ग्रह प्रयोगशाळा १९६० पासून चालू आहे. बेनू लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती आणणाऱ्या मोहिमेचं नेतृत्व तिथूनच झालं. त्या मातीत पृथ्वीवरचे जीव वापरतात त्या २० अमिनो आम्लांपैकी (प्रथिनांच्या घटकांपैकी) १४ सापडल्याचं जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं. ही बातमी वाचून मला त्या रात्री झोप आली नव्हती.

पीएचडी पाच-सहा वर्षांची. पहिली दोन वर्षं अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळा निवडायला मोकळीक. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या सहायकपदातून शिक्षणशुल्क सुटतं आणि विद्यावेतन मिळतं. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट जाता येतं. ज्याला विषय पक्का ठरवायचा आहे, त्याला ही मोकळीक मोलाची आहे. मात्र आठ विद्यापीठांना अर्ज केले तर त्यांचं शुल्कच जेआरएफच्या एका महिन्याच्या विद्यावेतनापेक्षा जास्त होतं.

आता कुंपणं. एनएसएफ या तिथल्या सरकारी विज्ञाननिधी संस्थेची पदव्युत्तर फेलोशिप फक्त तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांना. नासाच्या नेहमीच्या इंटर्नशिपला नागरिकत्व लागतं. आणि ज्याबद्दल इथे कोणी आधी सांगत नाही ते म्हणजे निर्यात-नियंत्रणाचे कायदे. अवकाशयानाच्या उपकरणांवर, त्यांच्या आराखड्यांवर परदेशी विद्यार्थ्याला काम करू देणं विद्यापीठांना अवघड जातं. तुम्ही डेटा वाचाल, नमुने तपासाल, प्रारूपं चालवाल. पण 'माझ्या हाताने जोडलेलं यंत्र मंगळावर गेलं' हे स्वप्न असेल, तर ते अमेरिकेपेक्षा अहमदाबादेत जवळ आहे. हे ऐकून मुलं थबकतात, पण माझं मत यावर ठाम आहे.

शिवाय २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नासाचा विज्ञान-निधी जवळपास निम्म्यावर आणण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, शेवटचा शब्द काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा असतो. तरीही अशा वातावरणात प्राध्यापक नवा विद्यार्थी घेताना हात आखडता घेतात. प्रवेशपत्र आलं तर पहिल्या वर्षानंतरचे पैसे कुठून येणार, हे लेखी विचारा.

नासाचा रस्ता पीएचडीनंतर मात्र खुला होऊ शकतो. नासाच्या पोस्टडॉक योजनेत परदेशी संशोधकांनाही अर्ज करता येत आला आहे, आणि त्यासाठी पीएचडी अमेरिकेतलीच असावी लागत नाही.

जपानबद्दल थोडक्यात. जीवनाच्या उगमाचा प्रश्न रसायनाच्या बाजूने सोडवायचा असेल तर टोकियोची एल्सी ही पृथ्वी आणि जीवन यांच्या उगमावर काम करणारी संस्था जरूर पाहा. २०१२ मध्ये सुरू झाली, कामकाज इंग्रजीत चालतं.

मग ठरवायचं कसं?

भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्राची पार्श्वभूमी आणि उपकरणाची किंवा दगडाची ओढ असेल, तर पीआरएल पहिली पसंती, जोडीला युरोपातले चार-पाच अर्ज. सूक्ष्मजीवशास्त्र असेल तर युरोप पहिला, देशातल्या संस्था लगेच मागोमाग. विषय अजून धूसर असेल आणि पाच-सहा वर्षं घराबाहेर राहायची तयारी असेल, तर अमेरिका. आणि एक मधला मार्ग: पीएचडी भारतात करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जाणं. घरची जबाबदारी असलेल्यांना मी हाच सुचवते.

ठरण्याआधी एक उन्हाळा खर्च करा. तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप, पीआरएलची इंटर्नशिप, पुण्यात आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा सुट्टीतला कार्यक्रम, यांपैकी काहीही. अमेरिकेतल्या ब्लू मार्बल स्पेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा ऑनलाइन कार्यक्रम बिनपगारी आहे, पण घरून करता येतो. तेही जमलं नाही तर इस्रोच्या 'प्रदान' संकेतस्थळावर नाव नोंदवून चांद्रयान-२ चा डेटा उतरवून घ्या. एखाद्या विवरावर तीन महिने नेटाने काम केलंत, तर ह्यूस्टनजवळ दर मार्चला भरणाऱ्या चंद्र-ग्रह विज्ञान परिषदेसाठी दोन पानांचा गोषवारा नक्की तयार होतो. प्रवेशाच्या मुलाखतीत ती दोन पानं टक्केवारीपेक्षा जास्त बोलतात.

आणि गाइडला मेल करण्याआधी त्यांच्याच एखाद्या चालू पीएचडी विद्यार्थ्याला लिहा. तीनच प्रश्न विचारा. आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष उपकरणावर किंवा नमुन्यावर जातात? गटातल्या मागच्या तिघांना पीएचडी पूर्ण करायला किती वर्षं लागली? आणि शेवटच्या वर्षाचे पैसे कोणी दिले?