वैमानिकांसाठीचं हवामान ॲप: मर्यादा इतक्या सहज बदलू देऊ नका
★★★½

दोन वर्षं हे ॲप पैसे भरून वापरतेय. पण त्याचा खरा कस लागला गेल्या महिन्यात. नवरा, दोन मुलं, मी आणि चार सीटचं सेसना १७२. परतीच्या वाटेवर एका छोट्या धावपट्टीवर आख्खा दिवस आणि एक रात्र अडकलो. जाताना हेच अंतर एक तास चाळीस मिनिटांत कापलं होतं. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायची परवानगी, नाही. त्यामुळे ढगात शिरायचं नाही, विषय संपला.

आधी चांगलं सांगते. मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाची नोंद) आणि टॅफ (तिथला पुढच्या तासांचा अंदाज) हे ॲप मूळ सांकेतिक ओळीतच देतं आणि बोट दाबून धरलं की फोड करून सांगतं. त्या सकाळी नकाशावरचा ठिपका लाल होता, पण का लाल ते ओळीत कळलं: तापमान १७, दवबिंदू १६. एका अंशाच्या फरकाला ढगांचा तळ साधारण ४०० फुटांवर, हा जुना ठोकताळा. बाहेर विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, भिजलेल्या मोज्यासारखा लोंबत होता. वाराच नाही, तर हे सगळं हलणार कसं? टॅफ म्हणत होता, दहानंतर उघडेल. दहा वाजले, अकरा वाजले. धाकट्याचं दर पाच मिनिटांनी "आता?" चालूच.

पावसाच्या रडार-चित्राबद्दल तक्रार आहे. चित्राखाली "४ मिनिटांपूर्वी" असं लिहिलेलं असतं, पण ती वेळ चित्र जुळवून तयार झाल्याची. त्यातलं मूळ स्कॅन त्याहून बरंच जुनं असू शकतं. अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्येच इशारा दिला होता की टोकाच्या वेळी ही तफावत १५ ते २० मिनिटांची असू शकते. ॲपमध्ये याचा कुठे उल्लेख नाही. अर्धा तारा तिथे गेला.

उरलेला एक तारा गेला तो ज्या सोयीसाठी मी हे ॲप घेतलं, तिच्यामुळेच. यात स्वतःच्या मर्यादा भरून ठेवता येतात. बहुतेक देशांत नजरेने उडणाऱ्याला ५ किलोमीटर दृश्यमानता पुरते, मी ८ ठेवलीय. ढगांचा तळ २००० फूट. हे आकडे घरी, शांत डोक्याने भरलेले.

दुपारी तीनला दृश्यमानता ९ किलोमीटर झाली. ढग १४०० फुटांवर, ब्रोकन, म्हणजे आकाशाच्या आठ भागांतले पाच ते सात झाकलेले. वाटेत मध्ये डोंगर आहेत. नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. बोलला काहीच नाही, पण बूट घालून, बॅग मांडीवर घेऊन बसला होता. मी सेटिंग उघडलं आणि २००० चे १४०० केले. बोट सरकवलं की झालं. "नक्की?" असंही ॲपने विचारलं नाही. पडदा लगेच हिरवागार.

नऊ वर्षांची लेक खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "आई, हवा बदलली की तू बदललंस?"

मी आकडा परत २००० केला. नवऱ्याने बूट काढले.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, नऊला तळ ३५०० फुटांवर गेला आणि आम्ही निघालो. लेक शेजारी नसती तर आदल्या दुपारीच निघाले असते का? बहुधा हो. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना एकच सांगणं. मर्यादा कडक करायला एक स्पर्श पुरे. पण सैल केली, तर ती दुसऱ्या दिवसापासूनच लागू होऊ द्या. तोवर तो एक तारा माझ्याकडे राहील.